‘येते’ म्हटलं म्हणून नापास

ताईचा इंग्रजीच्या परीक्षेचा दुसरा निकाल आला त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी पत्रक लिहायला बसले. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यातून स्वतःला मोकळं सोडलं असं कुणाला वाटायला नको.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला खाली उतरणाऱ्या वाडीत. तिथून ती रोज महाडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये जाते. नऊ वर्षं नर्स आहे, वॉर्डातही आणि ऑपरेशन थिएटरमध्येही. एमआयडीसीतून केमिकलने भाजलेले येतात, हायवेवरून हातपाय मोडलेले येतात, आमच्या बाजूच्या गावांतून साप चावलेले येतात. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, पेशंट आमच्या भाषेत, आणि मध्ये ताई. डॉक्टर कागदावर तीन इंग्रजी अक्षरं लिहून निघून जातात. ताई पेशंटला सांगते, “बाबा, उद्या सकाळी चाय नाय, पाणी नाय, आणि ती तंबाखूची पुडी द्या बघू माझ्याकडं.” एखादी म्हातारी नुसतं म्हणते, “कसंतरीच होतंय गो,” आणि त्या ‘कसंतरी’तून साखर उतरलीय की छातीत काही आहे, हे ताई चेहऱ्याकडे बघून ओळखते. या भाषेची परीक्षा जगात कुणी घेत नाही. घेतली तर पहिले ते डॉक्टर नापास होतील.

परदेशातल्या एका हॉस्पिटलने ताईला ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी देऊ केली होती. पाऊण तास त्यांनी व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. हत्यारं कशी मोजतेस, रक्त थांबत नसेल तर काय करतेस, सगळं विचारलं. ताईने सगळं सांगितलं. ते हसले, तीही हसली, पत्र आलं. हे सगळं इंग्रजीत झालं, आणखी कशात होणार? आणि त्याच पत्राच्या तळाला एक ओळ होती: इंग्रजी येत असल्याचा दाखला जोडा. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं, चारही भागांत ठरलेली श्रेणी पाहिजे. मुदत दिली होती ती आमच्या हिशेबाने गणपतीच्या आधी संपत होती.

ज्यांच्याशी ती पाऊण तास बोलली त्यांनाच ती बोलू शकते की नाही याचा दाखला पाहिजे. आणि त्या देशात जन्मलेल्या नर्सला तो लागत नाही. तिला इंग्रजीत धड चार ओळी लिहिता येवोत न येवोत, जन्माचं ठिकाण बघून सूट. आमच्याकडे जन्माचं ठिकाण बघून वागवणाऱ्यांना काय म्हणतात ते मी अनेक पत्रकांत लिहिलंय. इथे त्याला प्रमाणित चाचणी म्हणतात.

ताईला मात्र जायचं होतं. मी तिला रागाने विचारलं होतं, इथे लढायचं सोडून तिकडे कशाला? ती म्हणाली, “सर्जनच्या हातात मी न मागता हत्यार देते. आणि बाहेर आले की सफाईची मावशी आलेली नसते म्हणून फरशी पुसते. मला एकदा नर्स म्हणून नुसतं नर्सचं काम करून बघायचंय. तुझ्या लढ्यात ते कितव्या नंबरला हाय?”

तयारीसाठी तिने महाडमध्ये क्लास लावला होता. मोबाईलच्या दुकानावर एक खोली, दारावर विमानाचं चित्र. तिथले सर पोलादपूर तालुक्यातलेच, मुंबईला काही वर्षं काढून आलेले. स्वतः विमानात कधी बसले नव्हते. प्रत्येकीला ‘डिअर’ म्हणायचे. त्यांनी सगळ्यांना एक कागद वाटला होता. त्यावर सहानुभूतीची बावीस वाक्यं. हे ऐकून मला वाईट वाटलं. तुम्हाला कसं वाटत असेल हे मी समजू शकते. तुमची काळजी रास्त आहे. “यातली निदान चार आलीच पाहिजेत, डिअर,” सर म्हणायचे. “आणि मान तिरकी. मान तिरकी केल्याशिवाय एम्पथी दिसत नाही.” नऊ वर्षं लोकांची घाण काढणाऱ्या बाईला हा माणूस माया शिकवत होता, आणि ती वहीत उतरवून घेत होती.

पहिल्या वेळी बोलण्याच्या भागात ती एका पायरीने खाली राहिली. दुसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. केंद्रावर तिचं घड्याळ काढलं, मनगटावरचा दोरा कापला, चष्मा उलटा करून बघितला, फोटो घेतला, बोटाचा ठसा घेतला. मी काचेबाहेरून बघत होते. विमानतळावर करतात ते सगळं परीक्षेलाच उरकून घेतलं.

काय झालं ते तिने येताना एसटीत सांगितलं. भोरवरून गाडी घाटात शिरली. वरंध गाव खाली दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, “एक गंमत झाली गो.”

बोलण्याच्या भागात एक कार्ड देतात. त्यावर प्रसंग असतो. समोर पडद्यावर परीक्षक पेशंट होतो आणि उमेदवाराने नर्स व्हायचं. ताईला आलेल्या कार्डावर पन्नाशीतला माणूस होता, उद्या पोटाचं ऑपरेशन, घाबरलेला. त्याला धीर द्यायचा.

“छान चाललं होतं. भूल कशी देतात ते सांगितलं. बायकोला कधी भेटता येईल ते सांगितलं. मान पण तिरकी केली. मग तो म्हणाला, तू निघालीस काय? मी आपली म्हटलं, ओके सर, आय ॲम कमिंग. आणि खुर्चीतून उठले.”

“कमिंग?”

“अगो, ‘येते’ म्हटलं मी! निघताना काय म्हणायचं मग?”

“तो काय म्हणाला?”

“त्याचं तोंड असं झालं. म्हणाला, कमिंग? व्हेअर? मला नुसतं व्हेअर ऐकू आलं. मी म्हटलं, फ्रॉम पोलादपूर, सर.”

मी एवढ्याने हसले की पुढच्या सीटवरच्या काकांनी मागे वळून बघितलं. ताई पण हसली.

ज्यांना हे सांगायची गरज नाही त्यांनी पुढच्या चार ओळी सोडाव्यात. आमच्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. घरातून नाही, शेजारातून नाही, आणि आजाऱ्याच्या खाटेपासून तर मुळीच नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नर्स ‘जाते’ म्हणाली तर पेशंटची बायको तिच्या अंगावर धावून येईल. बरा होऊन घरी निघालेल्याला कुणी ‘पुन्हा या’ही म्हणत नाही. हे नर्सिंगच्या पुस्तकात नाही. ताईच्या जिभेला ते पुस्तकाच्या आधीपासून माहीत आहे. घाबरलेल्या माणसासमोर तिच्या तोंडातून नेमकं तेच आलं जे घाबरलेल्या माणसाला म्हणायचं असतं. फक्त ते इंग्रजीत आलं आणि तिथे त्याचा अर्थ उलटा झाला.

निकालात फक्त श्रेणी असते. पुन्हा एक पायरी खाली. कुठे चुकलं, कशाचे गुण गेले, काही नाही. पाचवीतल्या पोरालासुद्धा मास्तर पेपर परत देतात, लाल रेघ दाखवतात. इथे फी भरा, पुन्हा बसा, पुन्हा अंदाज करा.

तर मी पत्रक लिहिलं. पत्रकं लिहायला मी कॉलेजात शिकले. कारखान्यांनी नदीत सोडलेल्या पाण्यावर, हायवेच्या खड्ड्यांवर, बंद पडलेल्या एसटीवर. मथळा मोठा, वाक्य लहान, शेवटी जाब विचारायचा. यावेळचा मथळा होता, ‘येते म्हणाली म्हणून नापास!’ खाली लिहिलं, महाडमधील एका नर्सला, जिने नऊ वर्षं रुग्णसेवा केली, केवळ एका शब्दासाठी. नाव टाकलं नाही. सगळा संवाद मात्र टाकला, पोलादपूरसकट. एसटी स्टँडवर वाटलं, एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटताना वाटलं. लोक थांबून वाचत होते. कुणी पत्रक चुरगाळून टाकत नव्हतं. मला वाटलं, हे लागलं.

लागलंच. महाड केवढं आणि त्यात नऊ वर्षांची नर्स कितीजणी? तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आलेला एमआयडीसीतला एक ऑपरेटर जाताना दारातून ओरडला, “सिस्टर, आय ॲम कमिंग!” सगळा वॉर्ड हसला. मग ते सुरूच झालं. लॅबवाला, मेडिकलवाला. एका डॉक्टरनेही राउंड संपवताना तेच म्हटलं. माझ्या पत्रकातला राग कुणी उचलला नाही, विनोद तेवढा उचलला. आणि क्लासच्या सरांनी तर कमाल केली. माझं पत्रक जिन्याच्या भिंतीवर चिकटवलं आणि खाली मार्करने लिहिलं, ‘हीच चूक तुम्हीही करताय? आजच प्रवेश घ्या.’

पाचव्या दिवशी ताई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी ताट घ्यायला आत गेले.

“नाव नाय टाकलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “टाकलं असतंस तर मला विचारावं लागलं असतं.”

“मी तुझ्यासाठीच...”

“माझ्यासाठी नाय. आणि तुला कुणी सांगितलं त्या एका शब्दापायीच नापास झाले म्हणून? त्यांनी सांगितलं? मला तर नाय सांगितलं.”

“मग आणखी कशामुळे?”

“तेच तर मला माहीत नाय! आणि तू ठसठशीत अक्षरात छापून मोकळी झालीस.”

परीक्षेवर माझा मोठा आरोप हाच होता की ते कारण न देता निकाल देतात. मी कारण छापलं होतं, पुराव्याशिवाय.

आई कोपऱ्यात कुळीथ निवडत बसली होती. म्हणाली, “भांडा दोघी. भाकरी करपली.”

ताईने भाकरी उलटली. मग म्हणाली, “गणपतीच्या आधी एकदाच बसता येईल. क्लासला मी आता जाणार नाय, तुझी कृपा. रोज संध्याकाळी पडवीत तू पेशंट व्हायचं. सात दिवसांचे सात आजार. मराठीत एक शब्द काढायचा नाय.”

ज्या परीक्षेविरुद्ध पत्रकं वाटली तिचाच सराव मी घ्यायचा. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मी वाईट पेशंट झाले. मुद्दाम. तुझ्यावर विश्वास का ठेवू? डॉक्टर कुठे आहेत? मला सही कशाला करायला लावता, काही झालं तर हात झटकायला? आई उंबऱ्यात बसून ऐकायची. शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. एकदा म्हणाली, “एवढी कुरकुर करणाऱ्याला घरी पाठवा गो. अंगात ताकद दिसते त्याच्या.”

दोन-तीन दिवसांत माझी फजिती व्हायला लागली. मी इंग्रजीत वाचते, अर्ज लिहिते, माहितीच्या अधिकाराची उत्तरं उलगडते. पण पोटात काय होतंय हे इंग्रजीत सांगायची वेळ आली तर सांगता येईना. कळ येते म्हणजे काय? मुरडा? कसंतरी होतंय, हे कसं म्हणू? “आय ॲम फीलिंग... समथिंग समथिंग,” मी म्हटलं. ताई हसू दाबत नर्सच्या आवाजात म्हणाली, “आय अंडरस्टँड, मॅडम. व्हेअर इज द समथिंग?”

गाडी अडायची ती एकाच जागी. निघण्याच्या. सरांच्या कागदावरचं वाक्य होतं की मी लवकरच परत येईन. ताई ते म्हणेना. पाठ होतं, तरी जीभ उचलेना.

“म्हण की.”

“खोटं आहे ते. लवकर म्हणजे कधी? माझ्याकडे एका वेळी चौदा पेशंट. मी ‘येते’ म्हणते तेव्हा कुणी घड्याळ लावून बसत नाय. ‘लवकर येईन’ म्हटलं आणि गेले नाय, तर तो वाट बघत राहील ना गो.”

“अगं, परीक्षेतला पेशंट आहे तो. तो कशाची वाट बघतोय?”

“असू दे.”

मी सात-आठ वाक्यं सुचवली. तिने सगळी मोडीत काढली. मग एका संध्याकाळी, मी फ्रॅक्चर झालेला ट्रकवाला होते तेव्हा, तिने माझ्या बाजूच्या जमिनीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “बेल इथे आहे. लागलं तर दाबा, मी येईन.” इंग्रजीत, सरळ, मान तिरकी न करता.

“हे कुठलं? कागदावर नाही.”

“मुलाखतीत त्यांनी वॉर्ड दाखवला होता. प्रत्येक खाटेला बेल. दाबली की बाहेर दिवा लागतो.”

तिच्या वॉर्डात बेल नाही. होती कधीतरी, वायर लोंबतेय. तिथे पेशंट ‘सिस्टर!’ म्हणून ओरडतो, नाहीतर त्याची बायको पदर सावरत धावत येते. नऊ वर्षांत ताईला ते वाक्य लागलंच नव्हतं, मराठीतही. मी तिथेच पडवीत बसून भडकले. हे लोक इंग्रजी तपासतात असं आपल्याला वाटतं. पण ते वाक्य तोंडात यायला आधी बेल पाहिजे, चौदाऐवजी चार पेशंट पाहिजेत, दिवा लागला की जायला मोकळा पाय पाहिजे. ते नसलेल्या माणसाला म्हणायचं, तुझं इंग्रजी एक पायरी कमी आहे.

“झालं भाषण?” ताई म्हणाली. “पाय वर घे. फ्रॅक्चर हाय तुला.”

तिसऱ्या वेळी वरंध घाट दरडीमुळे बंद होता. माणगाववरून ताम्हिणीतून गेलो. परीक्षा झाली, त्याच रस्त्याने परत आलो. निकाल आला तेव्हा ती ड्युटीवर होती. मला फोनवर फोटो पाठवला, शब्द एक नाही. चारही भाग पास. बोलण्यात तर श्रेणी हवी होती त्याच्याही वर.

काय बदललं दोन परीक्षांत? पाच आठवडे ती माझ्या शिव्या खात होती, एवढंच. नर्स म्हणून ती होती तीच होती. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचाही राग आला. निकालपत्राच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो. म्हणजे व्हिसा रखडला, कागद अडकला, तर दोन वर्षांनी ताईचं इंग्रजी शिळं. मी म्हटलं, याच्यावर तर लिहायलाच पाहिजे. ताई म्हणाली, “लिही. पण आधी मला त्या हॉस्पिटलला पत्र पाठवायला मदत कर.” ते पत्र गणपतीच्या दहा दिवस आधी गेलं. आता व्हिसाचं चाललंय.

मी लिहिलं. यावेळी मथळ्यात कुणाची गंमत नव्हती. तीन मागण्या होत्या: चूक दाखवा, पेपर दाखवा, ज्यांनी स्वतः मुलाखत घेतली त्यांनी पुन्हा दाखला मागू नये. ताईला दाखवलं, तिने दोन शब्द खोडले आणि हो म्हणाली. छापून आणलं.

त्याच आठवड्यात तिच्या वॉर्डातल्या दोघी घरी आल्या. दोघी ताईपेक्षा लहान, दोघींनाही जायचंय. मी त्यांचा सराव घेईन का, विचारायला आल्या होत्या. त्यांतल्या धाकटीने पत्रक उचललं, उभ्यानेच वाचलं आणि घडी न घालता परत ठेवलं.

“ताई, बरोबर आहे सगळं,” ती मला म्हणाली. “पण आमचा निकाल लागेपर्यंत वाटू नका हां.”

“त्यांना महाडमधलं पत्रक कुठे दिसणार आहे?”

“नाय दिसणार. पण दिसलं तर?”

मी तिच्या मैत्रिणीकडे बघितलं. तीही मान डोलवत होती. ज्यांच्यासाठी मागण्या लिहिल्या त्यांनाच भीती वाटत होती की कुणीतरी कुठेतरी बसून हे वाचेल आणि एक पायरी खाली ढकलेल. कारण न सांगणाऱ्या परीक्षेचा हा फायदा. तिला कुणाला धमकवावं लागत नाही.

मी गठ्ठा पलंगाखाली सरकवला. एकीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, दुसरीची त्यानंतर, आणि दुसरी पास होईपर्यंत तिसरी कुणीतरी येईलच. सध्या सोमवार ते शुक्रवार, सहा वाजता, पडवीत मला मुतखडा आहे.